उलट्या फिती

तुम्ही माझ्या बापाला खोटारडा ठरवलंत. आठ ओळींत ठरवलंत, आणि तो गेल्यावर दोन दिवसांनी कळवलंत. अर्ज त्याने मार्चमध्ये केला होता, स्वतःच्या हाताने, खोकत खोकत. तेव्हा तो जिवंत होता. काय शंका असतील त्या त्याला विचारता आल्या असत्या. तुम्ही नोव्हेंबरपर्यंत गप्प बसलात. सोमवारी त्याने डोळे मिटले आणि बुधवारी सकाळी तुमचं पाकीट आमच्या दाराच्या पेटीत पडलं.

त्याचं मागणं तरी काय होतं? सैनिकांच्या दफनभूमीत साडेसहा फूट जमीन आणि शवपेटीवर झेंडा. अमेरिकी हवाई दलात चार वर्षं काढलेल्या माणसाला ते मिळतंच, असं तुमच्या माजी सैनिक कार्यालयाच्याच पत्रकात छापलंय. पुरावा द्या म्हणालात. त्याचा सेवामुक्तीचा कागद सत्त्याहत्तरच्या पुरात तळघरातल्या ट्रंकेसकट वाहून गेला. तुमच्याकडची नक्कल तुमच्या गोदामाच्या आगीत जळाली, हेही तुम्हीच कळवलंत. आमचा कागद पाण्याने नेला, तुमचा आगीने, आणि शिक्षा एकट्या स्टेफान व्राबेलला. कागद नसेल तर त्या काळचा फोटो पाठवा म्हणालात. पाठवला. आता काल, बुधवारी, आमच्या घरात काय झालं ते ऐका. कोणाच्या मनात काय चाललं होतं ते मी नंतर एकेकाला विचारून घेतलंय, त्यामुळे यात माझ्या पदरचं काही नाही.

बर्नडेटने पत्र स्वयंपाकघरात उभ्यानेच वाचलं. ही माझी बहीण इस्पितळात रुग्णांच्या नोंदी सांभाळते, सरकारी भाषा तिच्या अंगवळणी पडलेली. तरी दोनदा अडखळली.

"'छायाचित्रातील गणवेश संमिश्र स्वरूपाचा आहे. जाकीट व बटणे लष्कराची असून बाह्यांवरील फिती हवाई दलाच्या आहेत. सदर फिती उलट दिशेने लावलेल्या आहेत. प्रत्यक्ष सेवेत असलेल्या व्यक्तीकडून अशी चूक संभवत नाही. सबब छायाचित्र पुरावा म्हणून ग्राह्य धरता येत नाही.'"

टेबलावर शेजारणींनी आणून ठेवलेलं खाणं होतं. कोबीच्या पानात गुंडाळलेल्या खिम्याची दोन मोठी भांडी, हॅम, अक्रोडाचे तीन रोल. मेलेल्याच्या घरी आमच्याकडे कोणी रिकाम्या हाताने येत नाही. आईने एक भांडं उचललं, कुठे ठेवावं ते कळेना म्हणून परत तिथेच ठेवलं.

"उलट म्हणजे?" तिने विचारलं.

"फितीचं टोक वर आहे, आई. खाली हवं होतं."

"एवढंच?"

"एवढंच."

रेमंड खिडकीशी उभा होता. तो आमच्यातला थोरला, बसडेपोत मुकादम, कमी बोलणारा. "झालं तर मग," तो म्हणाला. "होलोवाचला फोन करतो. चर्चच्या दफनभूमीत आजोबांच्या शेजारी जागा आहे. शनिवारी उरकून टाकू."

"उरकून टाकू?" मी म्हणालो. "बाप आहे की बसचं टायर?"

"जेरोम, तू मध्ये पडू नकोस."

"मी मध्येच आहे. तिघांत धाकटा असलो तरी."

कोणी हसलं नाही. एरवी लुडमिला आत्या हसली असती. बाबांची ही मोठी बहीण, चौऱ्याहत्तर वर्षांची, लग्न केलं नाही, आयुष्यभर शिवणकाम केलं. आमच्या चर्चमधल्या पाद्र्याचे भरजरी झगे अजून तीच दुरुस्त करते. ती टेबलाच्या टोकाशी बसली होती, पुढ्यातल्या कॉफीवर साय धरली होती.

तेवढ्यात होलोवाचचाच फोन आला. आमच्या गल्लीतल्या सगळ्यांना पुरणारा माणूस हा, त्याच्या बापाने आमच्या आजोबांना पुरलं. फोन बर्नडेटने घेतला. त्याचा आवाज एवढा खणखणीत की आम्हाला सगळ्यांना ऐकू येत होतं.

"बर्नडेट, शुक्रवारी अकराची वेळ मी त्या लोकांकडे धरून ठेवलीय. पण उद्या दुपारी बारापर्यंत वरून होकार आला नाही तर ती दुसऱ्याला जाईल. मग दोन आठवडे थांबावं लागेल. आणि एवढे दिवस... तुझी आई जवळ आहे का?"

"आहे."

"मग पुढचं बोलत नाही."

तिने फोन ठेवला. आईने तिच्याकडे पाहिलं, मग रेमंडकडे. "रेमंड म्हणतो तसं करू या," ती म्हणाली. "तो तिकडे बर्फाच्या खोलीत पडलाय. मला सहन होत नाही."

आई रेमंडच्या बाजूला गेली ती अशी. दहा वाजले होते.

बर्नडेट सहजी हार मानणारी नाही. तिने पुढच्या खोलीत जाऊन रेडिओच्या वर भिंतीवर टांगलेला फोटो काढून आणला आणि टेबलावर अक्रोडाच्या रोलांमध्ये ठेवला. तुम्हाला पाठवली ती याचीच प्रत. अठ्ठेचाळीसचा नाताळ, चर्चचं सभागृह, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा असलेला एकोणीस वर्षांचा पोरगा. कमरेपर्यंतचं जाकीट, कॉलरवर पितळी बिल्ला, बाहीवर हुद्द्याच्या, पंखासारख्या पसरलेल्या दोन कोनदार फिती आणि मध्ये चांदणी. लहानपणापासून आम्ही हा फोटो पाहिला होता, पण निरखला कोणीच नव्हता.

"जाकिटाचं उत्तर माझ्याकडे आहे," बर्नडेट भिंगातून बघत म्हणाली. "मी ग्रंथालयात बसून वाचलंय. सत्तेचाळीसमध्ये हवाई दल लष्करातून वेगळं काढलं. दल एका सहीत वेगळं होतं, कपडे होत नाहीत. निळा गणवेश या पोरांच्या अंगावर चढायला पन्नास-एक्कावन्न उजाडलं. तोवर तेच जुने हिरवे कपडे, तीच सोनेरी बटणं, आणि बाहीवर नव्या दलाच्या फिती. संमिश्र म्हणे. तेव्हा सगळं दलच संमिश्र होतं."

"आणि उलट्या फितींचं?" रेमंडने विचारलं.

तिने भिंग खाली ठेवलं.

"सांग ना. ग्रंथालयात काय लिहिलंय?"

"त्याचं उत्तर नाही माझ्याकडे."

"माझ्याकडे आहे," रेमंड म्हणाला. "पण आईसमोर बोलायचं नाही म्हणून एकतीस वर्षं बोललो नाही."

आई म्हणाली, "बोल."

त्याने खुर्ची ओढली पण बसला नाही. पाठीवर हात ठेवून उभा राहिला, थेट फोटोतल्यासारखा. त्याला ते कळलं नाही. मला कळलं आणि मी नजर वळवली.

"मी अकरा वर्षांचा होतो. शाळेत वडिलांबद्दल बोलायचं होतं. मी हा फोटो भिंतीवरून काढून दप्तरात घालून नेला. आमचे इतिहासाचे मास्तर युद्धावर जाऊन आलेले. त्यांनी फोटो हातात घेतला, खिडकीपाशी नेला आणि हसले. म्हणाले, 'व्राबेल, तुझ्या बापाने हे कपडे जुन्या बाजारातून घेतलेले दिसतात. हवाई दलातल्या माणसाला आपल्या फितीचं टोक कुठे असतं ते माहीत असतं.' सगळा वर्ग हसला. मी फोटो घरी आणून परत टांगला. त्यांना कधी विचारलं नाही."

"का नाही विचारलंस?" बर्नडेट म्हणाली.

"कारण ते हो म्हणतील अशी भीती वाटली."

आम्हाला एकदम पुष्कळ गोष्टी उलगडल्या. दरवर्षी मेमध्ये सैनिकांची मिरवणूक निघायची तेव्हा रेमंडचं पोट दुखायचं. त्याच्या लग्नात बाबा बोलायला उभे राहिले तेव्हा हा बाहेर सिगरेट ओढायला गेला. मला वाटायचं याचा स्वभावच थंड. थंड नव्हता तो. अकराव्या वर्षी त्याने बापाला मनातून काढून टाकलं होतं, आणि तरी हिवाळ्यात डेपोतून सुटल्यावर रोज संध्याकाळी येऊन त्याच बापाच्या दारातलं बर्फ उपसत होता.

"म्हणून सांगतो," तो म्हणाला, "खोट्या माणसाला त्या खऱ्या माणसांत नेऊन पुरू नका. उद्या कोणीतरी उकरून काढेल. घरच्या घरी झाकून टाकू."

आईने फोटो आपल्याकडे ओढला. "तो खोटं बोलत नव्हता," ती म्हणाली, पण अगदी हळू. त्या आवाजाला कोर्टात कोणी विचारलं नसतं.

"मग तू सांग, आई, फिती उलट्या का?"

आईने तोंड उघडलं, आत्याकडे पाहिलं आणि मिटलं.

ते मिटलेलं तोंड बर्नडेटच्या नजरेतून सुटलं नाही. "आई, तुला काहीतरी माहीत आहे."

"मला काही माहीत नाही."

"तू आत्याकडे का बघितलंस?"

"कुठे बघू मग, छताकडे?"

आत्याच्या मनात काय चाललं होतं ते तिने मला काल रात्री सांगितलं. ती मनात हिशेब करत होती की आपण आता बोललो नाही तर काय होईल. स्टेफान बापाशेजारी पुरला जाईल, वाईट काय त्यात. गल्लीत कोणाला कळणार नाही. रविवारी चर्चमध्ये बायका तिच्याकडे झगे घेऊन येतील, पूर्वीसारख्याच. आणि बोललो तर? साठ वर्षांत एक वाकडा टाका घातला नाही म्हणून जिची ख्याती, तिने भावाच्या बाहीवर असं काही शिवलं की त्याला मेल्यावर जागा मिळेना. तिला पुन्हा पुन्हा एकच वाटत होतं की आपण आपल्या हाताने त्याला थडग्यातून बाहेर ओढलंय. तिने कोपरं पोटाशी आवळून धरली होती. आम्हाला वाटलं म्हातारी थंडीने काकडतेय. मी उठून तिच्या खांद्यावर शाल टाकली.

"काढ ती," ती म्हणाली. "मी शिवल्या."

"काय?"

"फिती. मी शिवल्या त्या."

बर्नडेटने भिंग पुन्हा उचललं.

"युद्धात मिखालच्या फिती मी शिवायचे," आत्या फोटोकडे न बघता बोलू लागली. मिखाल म्हणजे त्यांचा थोरला भाऊ, इटलीत पडला, त्याला आमच्यापैकी कोणी पाहिलेलं नाही. "त्याची बढती झाली की रजेवर येताना नव्या फिती कागदात गुंडाळून आणायचा. बाकीची पोरंही यायची. कोलारची दोघं, तो लाल केसांचा सावका. अर्ध्या गल्लीच्या फिती मी शिवल्यात. लष्कराच्या फितीचं टोक वर असतं. खांद्याकडे. हात झोपेतसुद्धा तसाच चालायचा माझा. मग स्टेफान नाताळला आला. दोन दिवस आगगाडीत बसून आलेला, कागदाची पुडी माझ्या मांडीवर टाकली, म्हणाला, लुडा, संध्याकाळच्या जेवणाआधी लावून ठेव, आईला बघू दे. आणि जाऊन झोपला. मी पुडी उघडली. वेगळ्याच दिसत होत्या, पंख फुटल्यासारख्या. मला वाटलं नवी तऱ्हा असेल. टोक वर करून शिवल्या. दोन्ही. दुहेरी टाका घातला."

"आणि त्यांनी बघितलं नाही?" रेमंडने विचारलं.

"आरशात बघितलं. मी मागे उभी होते. जरा वेळ बघत राहिला, मग म्हणाला, झकास. आमच्या आईने त्या फितींवरून हात फिरवला आणि मिखालचं नाव घेऊन रडली. मग आम्ही जेवलो, चर्चला गेलो, तिथे फोटोवाला होता. सगळ्यांसमोर तेच घालून उभा राहिला."

"तुला कधी कळलं?"

"दोन वर्षांनी. कोलारांचा धाकटा निळ्या कपड्यात आला. टोक खाली. मी स्टेफानला पत्र लिहिलं. त्याने उत्तर दिलं की अगं, तेव्हा वरच असायचं, नंतर बदललं. मी मानलं. नाही, मानलं नाही. मानायला बरं होतं." तिने कॉफीचा कप बाजूला सारला. "तो फोटो काढून टाक म्हणून मी त्याला किती वेळा सांगितलं. म्हणायचा, माझा चांगला फोटो एकच आहे, तेवढा तरी ठेव."

रेमंड खाली बसला. बसला म्हणजे खुर्चीत कोसळला. आत्या त्याच्याकडे वळली.

"मास्तर हसले तेव्हा माझ्याकडे का नाही आलास? मी दोन घरं सोडून राहत होते."

"तुझ्याकडे येऊन काय विचारणार होतो?"

"अरे शिवणाचं होतं ते. शिवणाचं माझ्याशिवाय कोणाला विचारतात?"

आणि बर्नडेट, ती माझी बहीण असली तरी सांगतो, त्याही क्षणी नोंदींचीच राहिली. "आत्या, हे तू लिहून दिलंस तरी ते म्हणतील बहीण भावासाठी काहीही लिहील. कागद हवा. त्या वेळचा."

"बघ, म्हणजे माझी साक्षही उलटीच शिवलेली," आत्या म्हणाली.

तेव्हा आई उठली. आत गेली. कपाटाचा खण अडकायचा, तो ओढल्याचा आवाज आला. परत आली तेव्हा तिच्या हातात कातरलेल्या कडांचा एक छोटा फोटो होता. तो तिने आत्याच्या समोर ठेवला नाही. रेमंडच्या हातात दिला.

"लुडमिलाला दाखवायचा नाही असं त्याने लग्नाच्या वर्षी माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं," ती म्हणाली. "त्रेचाळीस वर्षं पाळलं. मला वाटायचं तिला माहीत नाही. आणि हिला वाटायचं मला माहीत नाही. एका घरात तीन शहाणी माणसं."

रेमंडने फोटो भिंगाखाली धरला. मी त्याच्या खांद्यावरून बघितलं. लाकडी बराकीपुढे तीन पोरं, तिघांच्याही अंगात तीच आखूड जाकिटं. डावीकडच्याच्या फिती सरळ, टोक खाली. मधला पायरीवर बसलाय, त्याच्या दातांत दोरा आणि हातात सुई. आणि त्याच्यापुढे दोन्ही हात पसरून, बुजगावण्यासारखे उभे बाबा. एका बाहीवर टोक खाली, दुसऱ्या बाहीवर टोक वर. तिघांनाही हसू आवरत नव्हतं. दारावरच्या पाटीवर तुकडीचा आकडा स्पष्ट वाचता येत होता.

रेमंडने फोटो उलटला. मागे पेन्सिलीने लिहिलं होतं. त्याने ते मोठ्याने वाचलं नाही, म्हणून बर्नडेटने वाचलं: "'जानेवारी एकोणपन्नास. एक बाही झाली, एक राहिली. टाके इतके पक्के की उसवता उसवेनात. लुडाला दाखवू नये.'" खाली तिघांची पूर्ण नावं आणि राज्यं.

आत्याने हात पुढे केला. आईने मानेने हो म्हटलं तेव्हा रेमंडने फोटो तिला दिला. तिने तो डोळ्यांजवळ नेला, बाहीवर बोट ठेवलं. मला वाटलं रडेल.

"उसवणार कसे," ती म्हणाली. "दुहेरी होते."

मग रेमंड उठला आणि फोनकडे गेला. मला धास्ती होती की आता काय बोलतोय. आई टेबलाची कड धरून बसली होती.

"होलोवाच, रेमंड व्राबेल. शुक्रवारची अकराची वेळ सोडू नका... नाही, होकार आलेला नाही... उद्या बारापर्यंत काय ते कळेल. तुमच्याकडे फॅक्सचं यंत्र आहे ना?... आम्ही येतोय. आणि ऐका, कोणी विचारलं तर सांगा, थोरल्या मुलाने धरून ठेवायला सांगितलंय."

त्याने फोन ठेवला आणि बर्नडेटकडे कागद मागितला. ती म्हणाली, "मी लिहिते, माझं अक्षर बरं आहे." तो म्हणाला, "मी लिहिणार." एवढ्या वर्षांत त्याने बाबांसाठी हट्ट धरलेला मी पहिल्यांदा पाहिला. बर्नडेटने पेन दिलं.

तिने त्या दोन पोरांची नावं घेऊन टेलिफोनच्या चौकशीला गाठलं. दातांत दोरा धरलेला आठ वर्षांपूर्वीच वारला होता. दुसरा आयडाहो राज्यातला, तिथे त्या नावाची चार माणसं निघाली. तिघं तो नव्हेत, चौथ्याचा फोन कोणी उचलत नव्हतं. ती दर दहा मिनिटांनी लावत राहिली. त्या फोनची लांबवर वाजणारी घंटा आम्हाला सगळ्यांना ऐकू येत होती आणि प्रत्येक वेळी आई ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटायची. दोन वाजले, तीन वाजले. तुमचं कार्यालय साडेचारला बंद होतं.

आत्या सांगत होती आणि रेमंड लिहीत होता. तो मध्येच म्हणाला, "आत्या, जरा सौम्य लिहू या का? त्यांच्या हातात आहे सगळं."

"सौम्य मी अठ्ठेचाळीस वर्षं होते," ती म्हणाली. "लिही."

चौथा शेवटपर्यंत मिळाला नाही, म्हणून त्याच्याशिवायच तो कागद तीन पस्तीसला होलोवाचच्या यंत्रातून तुमच्याकडे निघाला, दोन्ही फोटोंसह. पोचल्याची पावती आमच्याकडे आहे. मी हे लिहितोय तेव्हा गुरुवारची सकाळ आहे, दहा वाजून गेलेत आणि फोन वाजलेला नाही. तुम्ही वाचला नसेल म्हणून शेवटचा भाग इथे जसाच्या तसा देतो:

"मी, लुडमिला व्राबेल, वय चौऱ्याहत्तर, धंदा शिवणकाम, लिहून देते की फोटोतल्या फिती मी उलट्या शिवल्या. सेवेत असलेल्या माणसाकडून अशी चूक होत नाही असं तुम्ही म्हणता. खरं आहे. त्याच्याकडून झालीच नव्हती. त्याने ती फक्त अंगात घातली, कारण त्याची आई समोर होती आणि मी मागे उभी होते. तुमच्यात कोणाला बहीण असेल तर तिला विचारून घ्या. तिने शिवलेलं चुकलं म्हणून भावाने भर नाताळात सगळ्यांसमोर उसवायला हवं होतं का? हो की नाही, एवढं सांगा. उद्या बाराच्या आत सांगा."